होडीच्या यंत्राचा चातुर्मास

ठाण्याची खाडी गोठली असें आजवर कोणीं ऐकलेलें नाहीं. पौष-माघांतील कडाक्याच्या रात्रींही ठाणें, कल्याण, डोंबिवली या टापूंत पारा दहा अंशांखालीं क्वचितच उतरतो. आणि पाणी गोठावयाचें तर तो शून्यापर्यंत यावा लागतो. समुद्राचें खारें पाणी तर शून्याच्याही सुमारें दोन अंश खालीं गोठतें. असें असतां, हिवाळा तोंडाशीं आला कीं थंड देशांतील नावाडी आपल्या होडीच्या यंत्राची जी व्यवस्था लावतात, तिची चौकशी उल्हास नदीच्या कांठच्या कोळ्यानें कां करावी, असा प्रश्न सहजच उत्पन्न होईल. त्याचें उत्तर असें कीं, यंत्राला नुसती थंडीच बाधते असें नव्हे. दीर्घकाळ रिकामें बसणेंही त्याला तितकेंच बाधतें. थंड देशांत होडी बर्फामुळें चार-पांच महिने रिकामी बसते, तर कोंकणपट्टींत ती पावसाळ्यामुळें बसते. शत्रु निराळा आहे खरा. परंतु तो आंत शिरतो त्या वाटा बहुतेक त्याच आहेत, आणि त्या बुजविण्याची रीतही पुष्कळशी तीच आहे.

प्रथम थंडीचें कार्य कसें चालतें तें पाहणें इष्ट होईल. बहुतेक पदार्थ थंड झाले म्हणजे आकसतात. पाणीही सुमारें चार अंशांपर्यंत आकसतें. पण त्याखालीं तें उलट पसरूं लागतें, आणि गोठतांना तर त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. म्हणजे १०० घनइंच पाण्याचें बर्फ जवळजवळ १०९ घनइंच जागा मागतें, आणि ती मिळाली नाहीं तर बळानें करून घेतें. तोंडोतोंड भरून घट्ट बूच लावलेली कांचेची बाटली शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवली, तर सकाळीं ती फुटलेली आढळते, तें याच कारणानें.

होडीच्या इंजिनाभोंवतीं असेच पाण्याचे मार्ग कोरलेले असतात. इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते ती वाहून नेण्यासाठीं एक लहानसा पंप नदीचें किंवा समुद्राचें पाणी आंत खेंचतो, तें इंजिनाभोंवतीं फिरवितो आणि बाहेर टाकतो. यंत्र बंद केलें तरी वांकणांत, पंपांत व नळ्यांत पेला-दोन पेले पाणी मागें राहून जातें. पहिल्या कडक थंडीच्या रात्रीं तें गोठतें आणि बिडाच्या ठोकळ्याला तडा जातो. हा तडा त्या वेळीं कोणास दिसत नाहीं. कारण बर्फच त्याला बुजवून बसलेलें असतें. वसंतऋतु येतो, बर्फ वितळतें, मालक मोठ्या उत्साहानें यंत्र चालूं करतो, आणि मग पाणी वंगणांत व वंगण पाण्यांत मिसळलेलें पाहून त्याला कळतें कीं नुकसान चार महिन्यांपूर्वींच होऊन गेलेलें आहे.

म्हणून स्वीडन, फिनलंड, कानडा इत्यादि देशांत शरदऋतूंतच होड्या पाण्याबाहेर काढतात. इंजिनाच्या तळाचीं सर्व बुचें उघडतात. आणि बूच काढूनही पाणी आलें नाहीं तर तें संपलें असें न समजतां भोंकांत तार घालून पाहतात, कारण पुष्कळदां तेथें गाळ बसलेला असतो. त्यानंतर त्या मार्गांतून न गोठणारा द्रव फिरवितात. ग्लायकॉल नांवाच्या या द्रवाचे दोन प्रकार आहेत. त्यांपैकीं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी आहे. कुत्रीं-मांजरें तें चाटून मरतात. यास्तव जो द्रव पुढें नदीत किंवा तळ्यांत सोडावा लागणार, तो प्रोपिलीन ग्लायकॉलचा असावा असा तेथील शिरस्ता आहे. होडीच्या मागील फळीला अडकविलेलें सुटें यंत्र असेल तर तें आडवें न ठेवतां उभें ठेवतात, म्हणजे त्यांतील पाणी आपोआप गळून जातें.

इंजिनाइतकेंच महत्त्व त्याच्या खालच्या अवयवांना, म्हणजे पंख्यापर्यंत शक्ति पोंचविणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीला, असतें. कारागीर तिला गिअरबॉक्स म्हणतात. ही पेटी वंगणानें भरलेली असते आणि कित्येक होड्यांत ती सर्वकाळ पाण्याखालींच राहते. पंख्याच्या दांड्याजवळची रबरी कडी झिजली, किंवा मासेमारीच्या गळाची दोरी तींत गुंडाळली गेली, कीं पाणी थेंबाथेंबानें आंत झिरपूं लागतें. थंड देशांत तें गोठून पेटी फोडतें. म्हणून हिवाळ्यापूर्वीं तिच्या तळाचें बूच काढून वंगण पाहतात. तें स्वच्छ असेल तर ठीक. तें दुधासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे असें निश्चित समजावें.

हिंदुस्थानांतही ही काळजी घ्यावी लागते अशा जागा आहेत. लडाखमधील पँगाँग सरोवर चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्याचें पाणी मचूळ असूनही हिवाळ्यांत तें गोठतें. श्रीनगरचें दल सरोवरही अतिशय कडक हिवाळ्यांत गोठतें. शिवाय ठाणें-कल्याणकडचे अनेक तरुण जहाजांवर यंत्रज्ञ म्हणून जातात आणि उत्तरेकडील थंड बंदरांत त्यांना याच विद्येचा उपयोग करावा लागतो. परंतु घरच्या खाडींत मात्र या विद्येला दुसरें रूप घ्यावें लागतें.

कल्याणचा आणि होड्यांचा संबंध फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत या बंदराचा उल्लेख सांपडतो. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराचा पाया याच खाडीच्या आश्रयानें घातला गेला. त्या काळीं जहाजांवर यंत्र नव्हतें. तरी पावसाळा हा जहाजाचा विश्रांतिकाल आहे आणि त्या विश्रांतीची तयारी आधींच करावी लागते, हें ज्ञान होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत, समुद्र खवळण्यापूर्वींच आरमार सुरक्षित बंदरीं छावणीस न्यावें, अशी सूचना आहे. पाऊस सुरू झाल्यावर धांवपळ करण्यांत अर्थ नाहीं, हें त्या राजनीतिज्ञास पुरतें उमगलेलें होतें.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून विटावें, बाळकूम, कोलशेत, कल्याणचें रेतीबंदर, डोंबिवलीजवळचें मोठागांव, आणि समुद्राच्या अंगाला उत्तनपर्यंत, होडी पावसाळ्यासाठीं ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाचें पाणी चढलें कीं नाव शक्य तितकी वर घ्यावयाची, लांकडी ओंडक्यांवर ओढून टेकवावयाची, तळाला चिकटलेल्या शिंपा व शेवाळ खरडून काढावयाचें, फटी बुजवून तेल द्यावयाचें, आणि वरून झावळ्यांनीं किंवा ताडपत्रीनें ती शाकारावयाची. महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रांत मासेमारीची बंदी असते. त्यामुळें आतां या विश्रांतीला कायद्याचीही जोड मिळाली आहे. परंतु ही जुनी रीत लांकडासाठीं बनलेली होती. यंत्र होडींत मागाहून आलें. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं असें दिसतें कीं, होडी मोठ्या निगुतीनें शाकारली जाते आणि तिच्या पोटांतलें इंजिन मात्र शेवटच्या फेरीनंतर जसें थांबलें तसेंच दोन-तीन महिने पडून राहतें.

या अवधींत त्याला काय होतें, तें स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी सांगूं शकेल. उन्हाळ्यांत कोरडें असलेलें मीठ आषाढ-श्रावणांत पाझरूं लागतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांवर गेली कीं मीठ हवेंतील बाष्प ओढून घेऊन विरघळूं लागतें. आणि ठाण्याच्या पावसाळ्यांत आर्द्रता बहुतेक दिवस त्याहून अधिक असते. खाडीचें खारें पाणी यंत्रांतून वाळून गेलें तरी मीठ मागें राहतें. तें पावसाळाभर ओलें राहून लोखंड, बीड व ॲल्युमिनिअम यांना सावकाश खात बसतें. बर्फ एका रात्रींत जो घाव घालतें, तोच मीठ दोन महिन्यांत घालतें. फरक असलाच तर एवढाच कीं, येथें आवाजही होत नाहीं.

यासाठीं पहिलें काम मीठ धुऊन काढण्याचें. होडी ओढून ठेवण्याच्या दिवशीं, यंत्र गरम असतांनाच, त्यांतून गोडें पाणी दहा-पंधरा मिनिटें फिरवावें. पाण्याच्या मार्गांत उष्णतेनें उघडणारें एक झांकण असतें. यंत्र तापून तें उघडल्याशिवाय गोडें पाणी सर्व भागांत पोंचत नाहीं, म्हणून दोन मिनिटांत उरकून घेऊं नये. सुटें यंत्र असेल तर तें मोठ्या पिंपांतील गोड्या पाण्यांत उभें धरून चालवावें. मात्र पाण्यावांचून तें क्षणभरही चालवूं नये. पंपांतील रबरी पंखा पाण्याच्याच ओलाव्यावर फिरतो. कोरडा फिरविला तर थोड्याच वेळांत तो करपतो, आणि हा दोष पुढें भर खाडींत यंत्र तापल्यावरच कळतो. धुणें झाल्यावर तळाचीं बुचें उघडून उरलेलें पाणी व गाळ काढून टाकावा. येथें थंड देशांतील तारेची युक्ति जशीच्या तशी उपयोगीं पडते. उल्हास नदीचा गाळ त्या भोंकांत बसण्यास कांहीं कमी तत्पर नाहीं.

दुसरें काम वंगण बदलण्याचें. कित्येक जण काटकसर म्हणून जुनें वंगण पावसाळाभर तसेंच ठेवतात आणि मोसमाच्या आरंभीं नवें घालतात. ही काटकसर उलटी आहे. वापरलेल्या वंगणांत इंधनाच्या ज्वलनापासून झालेलीं आम्लें व पाणी मिसळलेलें असतें. तें रिकाम्या यंत्रांत ठेवणें म्हणजे पोलादाच्या गुळगुळीत पृष्ठभागांना आंबट लेप देणें होय. वंगण आधीं बदलावें आणि नव्या वंगणावर यंत्र पांच मिनिटें चालवावें, म्हणजे सर्व अवयवांवर त्याचा पातळ थर बसतो. त्यानंतर सिलिंडरांत थोडें तेल सोडून यंत्र हातानें एक-दोन वेळां फिरवावें. असें न केल्यास दट्ट्यांचीं कडीं गंजून सिलिंडरला चिकटतात. आणि मग मिस्त्रीचा हातोडा व कोळ्याची थैली या दोहोंसही काम पडतें. धूर बाहेर जाण्याच्या नळीचें तोंड तेलांत भिजविलेल्या फडक्यानें बंद करावें, आणि तें बंद असल्याची खूण यंत्रावर ठळकपणें बांधावी, नाहीं तर मोसमाच्या पहिल्या दिवशीं त्याचा विसर पडतो.

तिसरें काम गिअरबॉक्सचें. वंगण दुधट दिसलें म्हणजे पाणी शिरलें, ही थंड देशांतील पारख येथेंही तंतोतंत लागू आहे. तेथें तें पाणी पेटी फोडतें. येथें तें दंतचक्रें व बेअरिंग गंजवितें. पंखा काढून त्यामागें गुंतलेली दोरी व जाळ्याचे धागे सोडवावे, झिजलेली रबरी कडी बदलावी, दांड्याला ग्रीस लावावें. सुट्या यंत्राच्या पेटींत नवें वंगण भरतांना तें खालच्या भोंकांतून वर चढवीत न्यावें आणि वरच्या भोंकांतून बाहेर येऊं लागल्यावर थांबावें. वरून ओतलें तर आंत हवा कोंडून राहते. असें यंत्र पंखा वर उचलून ठेवण्याची संवय पुष्कळांना असते. त्या स्थितींत पंख्याच्या मध्यभागांतील पोकळींत पावसाचें पाणी सांचतें. म्हणून तें काढून घरांत उभें ठेवणें सर्वांत उत्तम.

चौथें काम इंधनाचें. डिझेलची टांकी अर्धवट रिकामी ठेवली तर रिकाम्या जागेंतील दमट हवेचे थेंब होऊन ते तळाशीं जमतात, आणि त्या पाण्याच्या व डिझेलच्या सांध्यावर सूक्ष्म जंतूंची बुळबुळीत साय धरते. ती पुढें गाळणी तुंबविते. म्हणून डिझेलची टांकी भरून ठेवावी आणि गाळणीच्या तळचें पाणी सोडून द्यावें. पेट्रोलची गोष्ट उलट आहे. हल्लीं भारतांत पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि ओलावा फार झाला कीं पेट्रोलपासून वेगळें होऊन तळाशीं बसतें. म्हणून लहान यंत्रांतील पेट्रोल काढून घ्यावें, आणि कार्ब्युरेटर रिकामा करावा.

पांचवी गोष्ट धातूंची. पितळेचा पंखा, पोलादी दांडा, ॲल्युमिनिअमची पेटी, असे निरनिराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकत्र आले म्हणजे त्यांचा एक विद्युद्घटच बनतो, आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातु झिजूं लागतो. मोलाचे अवयव वांचविण्यासाठीं तेथें जस्ताची एक वडी जोडतात. ती स्वतः झिजते आणि इतरांना राखते. ती निम्म्याहून अधिक झिजली असेल तर बदलावी, आणि तिच्यावर रंग कधींही फांसूं नये, कारण रंगविलेली वडी निरुपयोगी होते. कल्याणकडच्या होड्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. जस्त खाऱ्या पाण्यांत चांगलें काम देतें. गोड्या पाण्यांत त्यावर पापुद्रा धरून तें निष्क्रिय होतें. पावसाळ्यांत उल्हासचा लोंढा खाडीचें पाणी पुष्कळसें गोडें करून टाकतो. म्हणून ज्या होड्या पावसाळ्यांतही पाण्यांतच राहतात, त्यांना ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूची वडी अधिक सोयीची पडते.

बॅटरी तर होडींत ठेवूंच नये. थंड देशांत उतरलेली बॅटरी गोठून फुटते, भरलेली फुटत नाहीं; येथें उतरलेली बॅटरी आंतल्या पत्र्यांवर खडूसारखा थर धरून निकामी होते. दोन्हीकडे उपाय एकच: ती पूर्ण भरून कोरड्या जागीं ठेवावी आणि महिन्यांतून एकदां पुन्हां भरावी.

शेवटीं शाकारणीचा विचार. झावळ्यांच्या शाकारणींतून पाणी आंत येत नसे, परंतु वारा खेळत असे. हल्लींची प्लॅस्टिकची ताडपत्री चोहोंकडून घट्ट आवळली तर पाऊस बाहेर राहतो, पण आंतली वाफही आंतच राहते आणि उन्हाची तिरीप येतांच ताडपत्रीच्या खालच्या अंगाला घाम सुटतो. तो घाम नेमका इंजिनावर ठिबकतो. म्हणून ताडपत्री मध्यें उंच धरून तिचीं दोन्ही टोकें मोकळीं ठेवावीं, म्हणजे जुन्या शाकारणीचा गुण नव्या साधनांतही उतरेल. होडीच्या तळाचें बूचही काढून ठेवावें. नाहीं तर शिरलेलें पाणी सांचून इंजिनाच्या बैठकीपर्यंत चढतें.

या सर्व खटाटोपास एका माणसाचा फार तर एक दिवस लागतो. तो न दिल्यास काय जातें, याचाही हिशेब मांडला पाहिजे. एखाद्या घरांत दोघां भावांमध्यें एकच होडी असते आणि इंजिनाचे हप्ते अजून चालू असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाढवून नाव पाण्यांत लोटावी, आणि इंजिनानें उत्तर देऊं नये! त्या दिवसांत मिस्त्रीकडे साऱ्या कोळीवाड्याची रीघ लागलेली असते. सुटा भाग मुंबईहून आणावयाचा, खलाशांना बसून पोसावयाचें, आणि बंदीनंतर मासळी मुबलक असण्याचे तेच पहिले पंधरवडे कांठावर बसून घालवावयाचे. दुरुस्तीच्या रकमेपेक्षां हें नुकसान मोठें असतें.

याहूनही मोठी गोष्ट माणसांच्या प्राणांची आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि तींतील हजारांहून अधिक उतारूंची सुटका करण्यासाठीं होड्या आणाव्या लागल्या. २६ जुलै २००५ च्या महापुरांतही कल्याण, बदलापूर, अंबरनाथ या भागांनीं उल्हासचें रौद्र रूप पाहिलें होतें. बचावकार्याच्या होडीचा हंगाम कोळ्याच्या होडीच्या उलट असतो: ती आठ महिने कोठारांत पडून राहते आणि नेमकी भर पावसांत, बहुधा रात्रीं, एका क्षणांत चालूं व्हावी लागते. तिच्या यंत्राला ही निगा दिवाळीनंतर लागते, आणि मे महिन्याच्या अखेरीस तें पाण्यांत चालवून पाहणेंही अगत्याचें असतें. छपरावर बसलेल्या माणसाला यंत्राच्या कार्ब्युरेटरांत जुनें पेट्रोल चिकटलें आहे, ही सबब सांगतां येत नाहीं.

हंगाम सुरू करतांना क्रम उलटा धरावा. प्रथम धुराच्या नळींतील फडकें काढावें, सर्व बुचें जागच्या जागीं घट्ट आहेत कीं नाहींत तें पाहावें, वंगणाची पातळी तपासावी, यंत्र हातानें एक वेळ फिरवून तें मोकळें असल्याची खात्री करावी, आणि मगच तें चालूं करावें. चालूं होतांच बाहेर पाण्याची धार पडते आहे ना, इकडे पहिलें लक्ष द्यावें; धार नसेल तर तत्काळ थांबवावें. ही परीक्षा नारळी पौर्णिमेच्या सकाळीं न घेतां आठ दिवस आधीं घ्यावी. म्हणजे कांहीं उणें निघालेंच तर तें पुरें करण्यास अवधि राहील, आणि सणाच्या दिवशीं नारळ समुद्राला अर्पण करून होडी निश्चिंतपणें खाडीबाहेर पडूं शकेल.